रांगोळींतील भूमिति आणि शाळेंतील भूमिति

भूमिति हा विषय आपल्या शाळांतून जितका शिकविला जातो तितका समजत नाहीं, हें सांगण्यास कोणा पंडिताची साक्ष नको. ज्यानें शाळेचें तोंड पाहिलें आहे त्याला तें स्वानुभवानें ठाऊक आहे. विधान, पक्ष, साध्य, रचना व सिद्धता हीं प्रमेयाचीं अंगें पाठ करावीं, तीं परीक्षेच्या कागदावर जशींच्या तशीं उतरावीं, आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं विसरून जावीं, हाच आमच्यांतील बहुतेकांच्या भूमितीचा इतिहास आहे. उलटपक्षीं, जिला शाळेची पायरी चढण्याची संधि कधीं मिळाली नाहीं अशी एखादी वृद्ध स्त्री सकाळीं अंगणांत सडा घालून, पट्टी नाहीं, कंपास नाहीं, केवळ चिमटीच्या बळावर साठ-साठ ठिपके समान अंतरावर टाकते, त्यांवर सहा पाकळ्यांचें निर्दोष फूल उमटविते आणि दुसऱ्या कामास लागते. जिला भूमिति शिकविली नाहीं तिच्या हातांत ती आहे; ज्यांना ती शिकविली त्यांच्या डोक्यांतही ती राहिली नाहीं! ही विसंगति आपल्या इतकी अंगवळणीं पडली आहे कीं तिचें नवलही आपणांस वाटत नाहीं. आजच्या लेखांत तिचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विचारास एक तात्कालिक निमित्तही आहे. सन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें कलेची सांगड इतर विषयांशीं घालावी असें सांगितलें; त्याच वर्षीं केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें आपल्या शाळांतील पहिली ते दहावीच्या वर्गांस कलासमन्वित प्रकल्प आवश्यक केले; आणि २०२४ सालीं निघालेल्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’ या पुस्तकांत सममितीस स्वतंत्र प्रकरण मिळालें. सरकारी धोरणास नांवें ठेवण्याची संवय वर्तमानपत्रांस असते. परंतु या धोरणाचें तत्त्व योग्य आहे, असें आम्ही मोकळ्या मनानें म्हणतों. आमची तक्रार तत्त्वाविषयीं नसून त्याच्या अंमलाविषयीं आहे. पुष्कळ ठिकाणीं प्रकल्प शाळेंत होत नाहीं. तो घरीं होतो, आणि घरींही मुलाच्या हातून न होतां आईच्या हातून रात्रीं अकरा वाजतां होतो. ज्यांच्या आईस सवड नाहीं ते दुकानांतून तयार प्रतिकृति विकत आणतात. आणि ज्यांच्या घरीं सवडही नाहीं व पैसाही नाहीं, त्यांचीं मुलें दुसऱ्या दिवशीं वर्गांत मान खालीं घालून उभीं राहतात. चकचकीत कागद, टिकल्या आणि रंगीत फिती यांनीं नटलेला तक्ता भिंतीवर लागतो. पाहुणे येतात, वाहवा करितात. त्या तक्त्यावरील षट्कोनाचा प्रत्येक कोन १२० अंशांचाच कां, हें मात्र तक्ता करणाऱ्या आईस कोणी विचारीत नाहीं आणि तो मिरविणाऱ्या मुलासही कोणी विचारीत नाहीं. याला कला म्हणावें तर ती मुलाची नव्हे. भूमिति म्हणावी तर ती कोणाचीच नव्हे.

हा दोष केवळ शिक्षकांच्या आळसाचा किंवा पालकांच्या हौसेचा आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. त्याचें मूळ आपल्या समाजरचनेंत खोल गेलेलें आहे. हातानें काम करणारा आणि डोक्यानें काम करणारा यांची फारकत आपल्या इकडे शेंकडों वर्षें चालत आली. ग्रंथ ज्यांच्या घरीं होते त्यांनीं हातांत करवत धरली नाहीं. करवत ज्यांच्या हातीं होती त्यांस ग्रंथाजवळ येऊं दिलें नाहीं. आणि स्त्री कोणत्याही घरची असो, तिच्या वांट्यास उंबऱ्याबाहेरचें अंगण तेवढें आलें. शुल्बसूत्रांचा अभिमान आपण मोठ्या आवेशानें मिरवितों. पण शुल्ब म्हणजे दोरी, आणि त्या सूत्रांतील भूमिति ही दोरी व खुंट्या घेऊन जमिनीवर वेदी आंखणाऱ्या हातांची भूमिति होती, हें सोयीस्करपणें विसरतों. आजही पायाची आंखणी करणारा गवंडी ३, ४ व ५ फुटांचीं मापें धरून काटकोन गुण्यांत आणतो. त्याच गोष्टीचें प्रमेय त्याच्या मुलास शाळेंत भेटतें. बापाची दोरी आणि मुलाचें प्रमेय एकच आहे, हें मात्र त्या दोघांस कोणी सांगत नाहीं. तें सांगणें हें शाळेचें काम आहे. आणि वर्गांतील चित्रकला, घडीकाम, रांगोळी, विणकाम हीं तें सांगण्याचीं सर्वांत स्वस्त व सर्वांत खात्रीचीं साधनें आहेत, हा आमचा आजचा मुद्दा होय.

हें सांगणें हवेंत राहूं नये म्हणून एक उदाहरण घेऊं. ‘नऊ ते पांच’ ठिपक्यांची रांगोळी आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत निघत असेल. मधल्या ओळींत नऊ ठिपके. तिच्या वर आणि खालीं, दोन ठिपक्यांच्या मध्यें एक याप्रमाणें, आठ, सात, सहा आणि पांच. शिक्षकानें प्रथम एवढेंच विचारावें कीं, एकूण ठिपके किती? एखादी मुलगी ओळीओळीनें बेरीज करील आणि ६१ म्हणेल. एखादा मुलगा मधल्या ठिपक्यापासून बाहेर निघेल: मध्यें १, त्याच्या भोंवतीं ६, मग १२, मग १८, मग २४, बेरीज तीच ६१. तिसरें कोणी मधला ठिपका बाजूस ठेवून उरलेल्या साठांचे दहा-दहाचे सहा त्रिकोण पाडील. वाटा तीन, गांव एकच. मग दुसरा प्रश्न: आंतील कोणत्याही ठिपक्यास सर्वांत जवळचे शेजारी किती? सहा. ते सारे समान अंतरावर मांडले असतील तर लगतच्या दोन शेजाऱ्यांमधील कोन किती? पूर्ण फेरा ३६० अंशांचा, त्याचे सहा भाग, म्हणून ६०. सहा पाकळ्यांचें फूल या ठिपक्यांवर सहज कां उमलतें, याचें उत्तर येथें मुलांच्या हातीं लागतें. तिसरा प्रश्न थोडा खट्याळ आहे: याच ठिपक्यांवर एक अस्सल चौरस काढून दाखवा. मुलें घटकाभर धडपडतील. चौरसासारखें कांहीं तरी निघेलही, पण मोजून पाहतां त्याची लबाडी उघडी पडेल. तो निघतच नाहीं. आणि चौकटीच्या ठिपक्यांवर समभुज त्रिकोणही तसाच निघत नाहीं. याचें पुरें उत्तर ३ च्या वर्गमुळापर्यंत जातें आणि तें वरच्या वर्गांतच द्यावें लागतें. पण ‘निघत नाहीं’ हा अनुभव आणि ‘कां निघत नाहीं’ ही तळमळ दहा वर्षांच्या मुलास एका तासांत देतां येते. ही तळमळ म्हणजेच गणिताचा आरंभ होय.

आमच्या या म्हणण्यास बायकी खेळाचें स्तोम म्हणून हंसणारे लोक निघतील. त्यांस आम्ही दक्षिणेकडे बोट दाखवितों. तामिळनाडूंतील स्त्रिया दारांत जें कोलम काढतात, त्याच्या रेषांचा अभ्यास मद्रासेच्या ख्रिश्चन कॉलेजांतील गिफ्ट सिरोमणी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७० च्या दशकांत केला, आणि संगणकशास्त्रांत ज्यांस चित्रांचीं व्याकरणें म्हणतात त्यांचीं उदाहरणें त्यांस कोलममध्यें सांपडलीं. शेंकडों वर्षें जें घरकाम समजलें गेलें तें शास्त्राच्या पंक्तीस बसलें. मात्र आम्ही खोट्या स्तुतीच्या बाजूचे नाहीं. रांगोळी काढणाऱ्या प्रत्येक आजीबाईस भूमिति येतेच, असें म्हणणें म्हणजे तिची समजूत घालून तिला होती तेथेंच ठेवणें होय. तिला नियम येतो. कारण येत नाहीं, कारण तें तिला कोणीं सांगितलें नाहीं. हातांतील नियमास बुद्धींतील कारणाची जोड देणें, याचेंच नांव शिक्षण.

रांगोळी ही एका समाजाची चाल. ती ज्यांच्या घरीं नाहीं त्यांनीं काय करावें, असा प्रश्न कोणी विचारील तर तो रास्त आहे. भूमितीला जात नाहीं आणि धर्मही नाहीं. छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, जाऊन ज्यानें बीबी-का-मकबऱ्यांतील संगमरवरी जाळ्या पाहिल्या असतील, त्याला एकच आकार फिरवून, सरकवून व जोडून केवढें सौंदर्य निर्माण होतें हें वेगळें सांगावयास नको. आणि सर्वांत निधर्मी साधन म्हणजे कागदाची घडी. तिला सणवार लागत नाहीं, पैसा लागत नाहीं. रद्दींतील वर्तमानपत्र पुरतें. हा अग्रलेख वाचून झाल्यावर वाचकांनीं याच कागदावर प्रयोग करून पाहावा. अग्रलेखाचा याहून चांगला उपयोग आम्हांस तरी सुचत नाहीं.

फ्रीड्रिख फ्रोबेल यानें १८३७ सालीं जर्मनींतील ब्लांकेनबुर्ग येथें बालकांसाठीं संस्था काढली. तिच्यांतूनच पुढें बालोद्यानाची, म्हणजे किंडरगार्टनची, पद्धति जगभर गेली, आणि तिच्यांत कागदाच्या घड्यांस मानाचें स्थान होतें. तें पाहून आपल्याच देशांतील टी. सुंदर राव या गृहस्थांस असें वाटलें कीं, ज्या घड्या शिशुवर्गांत घालतात त्यांतून सबंध भूमिति कां शिकवूं नये? त्यांनीं १८९३ सालीं मद्रासेस कागदाच्या घड्यांतील भूमितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. जर्मनींतील थोर गणिती फेलिक्स क्लाईन यानें त्याची दखल घेतली, आणि १९०१ सालीं त्याची आवृत्ति अमेरिकेंत शिकागोस निघाली. परदेशांत ज्याचें कौतुक झालें तें पुस्तक स्वदेशांतील किती अध्यापक-विद्यालयांत आज हाताळलें जातें, हें त्या विद्यालयांनींच आपल्या मनाशीं विचारावें.

घडींतील भूमिति म्हणजे काय, तें एका कृतीवरून सांगतों. चौरस कागद घ्या. त्याची डावी कड उजव्या कडेवर टेकवून मधोमध उभी घडी घाला व कागद उघडा. आतां खालचा उजवा कोपरा जागच्या जागीं दाबून धरा आणि खालचा डावा कोपरा उचलून मधल्या घडीवर टेकवा. तो जेथें टेकला त्या बिंदूपासून खालच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंत रेषा काढा. जो त्रिकोण दिसेल तो समभुज आहे. मोजून पाहूं नका; विचार करा. उचललेली कड आणि खालची कड ही एकच कड आहे, म्हणून त्या दोन बाजू समान. टेकविलेला बिंदु मधल्या घडीवर आहे, म्हणून तो दोन्ही कोपऱ्यांपासून सारखाच दूर; म्हणजे तिसरी बाजूही तेवढीच. झाली सिद्धता! तींत पक्ष आहे, साध्य आहे, रचना आहे. पण मुलानें कांहींच पाठ केलेलें नाहीं. जें त्याच्या बोटांनीं केलें तेंच त्याच्या तोंडानें सांगितलें.

कागदाचा दुसरा गुण असा कीं, तो चुकलेल्यास ओरडत नाहीं, पण चूक लपूंही देत नाहीं. आयताचा कर्ण हा त्याचा सममितीचा अक्ष आहे काय, असें विचारतां पुष्कळ मुलें ‘होय’ म्हणतात. कारण कर्णानें आयताचे दोन सारखे भाग पडतात. मग कर्णावर घडी घालावयास सांगा. कोपरे एकमेकांवर बसत नाहींत. दोन टोंकें बाहेर डोकावतात. भाग सारखे आहेत, पण एक दुसऱ्यावर दुमडून बसत नाहीं. अर्धा फेरा फिरविला तर मात्र बसतो. दुमडण्याची सममिति वेगळी आणि फिरविण्याची वेगळी, हा भेद व्याख्या पाठ करून महिनाभरांत कळत नाहीं, तो येथें क्षणांत कळतो. याच भेदाचें दुसरें उदाहरण दारांतील स्वस्तिक. पाव फेरा फिरविलें तर तें जसेंच्या तसें दिसतें. पण कोणत्याही रेषेवर दुमडा, तें स्वतःवर बसत नाहीं. देवचाफ्याचें फूलही तसेंच: पांच पाकळ्या, प्रत्येकीची एक कड शेजारणीखालीं गेलेली, तें पांच वेळां फिरतें, दुमडत एकदांही नाहीं. ज्या मुलीनें हें फूल रोज देवास वाहिलें तिला तें प्रथमच दिसलें, असें त्या दिवशीं होतें.

जी गोष्ट अंगणाची तीच कारागिराची. साडीच्या कांठाची नक्षी घ्या. एका दिशेनें पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीस सममितीच्या दृष्टीनें किती प्रकारें मांडतां येईल? फुलें, कोयऱ्या, मोर, रुद्राक्ष वाटेल तितके बदला. मांडणीचे प्रकार अवघे ७ आहेत. लुगड्याच्या अंगावर दोन दिशांनीं पसरणारी नक्षी असेल तर ते १७ होतात, आणि अठरावा नाहीं, हें रशियन पंडित फेदोरोव यानें १८९१ सालीं सिद्ध केलें. विणकराच्या मागावर आणि छाप उठविणाऱ्याच्या ठशांत जें कौशल्य आहे, त्यास गणिताच्या वर्गाचें दार उघडण्याचा हा केवढा सरळ मार्ग आहे! आपापल्या घरांतील कांठ पाहून मुलांनीं ते सात खणांत लावावे; सातांपैकीं कोणता प्रकार सांपडत नाहीं, याचा शोध घ्यावा. या प्रकल्पास टिकली लागत नाहीं कीं चकाकी लागत नाहीं. आणि विणकराचें मूल वर्गांत असेल तर त्या दिवशीं तें शिक्षकाचेंही शिक्षक होतें.

हा विचार आपल्याकडे अगदींच नवा आहे, असें नव्हे. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस ग्रामबालशिक्षणाचें केंद्र सुरू केलें आणि १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी बालकांत काम केलें. विलायती साधनांची वाट न पाहतां गांवांत व रानांत जें मिळेल त्यानेंच शिकवावें, हें त्यांच्या कार्याचें मर्म होतें. त्याच परिसरांतील वारल्यांच्या घरांत लग्नाचा चौक भिंतीवर काढण्याचें काम परंपरेनें सुवासिनींकडे असे. वर्तुळ, त्रिकोण व चौकोन एवढ्या तीन आकारांवर त्यांनीं सारी सृष्टि उभी केली. दोन त्रिकोण टोंकाशीं जोडले कीं माणूस झाला, आणि ते थोडे कलले कीं माणूस नाचूं लागला! ही कला जिव्या सोमा मशे यांनीं भिंतीवरून कागदावर आणून जगापुढें मांडली, आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र नाहीं अशी शाळेची भिंत विरळा. परंतु त्या भिंतीखालीं बसून त्रिकोण शिकणाऱ्या मुलास त्या चित्राकडे मान वर करून पाहण्यास शिक्षक सांगत नाहींत. चित्र शोभेस, त्रिकोण परीक्षेस. दोघांची ओळख नाहीं.

येथें स्त्रीशिक्षणाचा प्रश्नही येतो, आणि त्यास बगल देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. रांगोळीच्या स्पर्धेस मुली आणि गणिताच्या स्पर्धेस मुलगे, अशी वांटणी पुष्कळ शाळांच्या स्नेहसंमेलनांत अद्याप न बोलतां होते. मुलीस लहानपणापासून सांगितलें जातें कीं, तुझा हात सुरेख आहे. मुलास सांगितलें जातें कीं, तुझें डोकें चांगलें आहे. १८४८ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली तेव्हां त्यांच्यावर जी चिखलफेक झाली, ती मुलींस डोकें आहे असें त्यांनीं मानलें म्हणून झाली. तो लढा पाटीवर जिंकला. पण अंगणांत तो अद्याप संपलेला नाहीं. मुलगे आणि मुली यांनीं एकाच फरशीवर शेजारीं बसून ठिपके टाकावे आणि एकाच फळ्यावर त्यांचीं कारणें मांडावीं. मुलाच्या बोटांस रांगोळी लागल्यानें त्याचें पौरुष झडत नाहीं. मुलीनें तोंडानें उपपत्ति सांगितल्यानें तिची सुरेख रेघ वांकडी होत नाहीं.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम उरकावयाचा, परीक्षा डोक्यावर, त्यांत हे खेळ कोठें बसवावे? शिक्षकांवर अध्यापनाखेरीज इतर कामांचा केवढा बोजा आहे हें आम्ही जाणतों, म्हणून हा आक्षेप हंसून उडवून लावण्यासारखा नाहीं. पण वर सांगितलेली त्रिकोणाची घडी दहा मिनिटांची आहे. आणि घोकलेलें प्रमेय विसरल्यामुळें पुढच्या वर्गांत तें पुन्हा शिकविण्यास जे तास जातात, त्यांचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. पायाचे दगड बसविण्यास वेळ लागतो म्हणून कोणी भिंतीपासून घर बांधावयास घेत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चित्र म्हणजे सिद्धता नव्हे. डोळा फसतो, हात थरथरतो. कागदावर बरोबर दिसलें म्हणून तें बरोबर असतें असें नाहीं. हें आम्हांस पूर्ण मान्य आहे, आणि आमचें म्हणणेंही हेंच आहे. पट्टी व कंपास घेऊन कोणत्याही कोनाचे तीन समान भाग करण्याचा प्रयत्न लोकांनीं दोन हजार वर्षें केला. पुष्कळांस तो साधल्यासारखा दिसला. पण एकच रीति सर्व कोनांस लागू पडेल असें होणें शक्य नाहीं, हें वांत्झेल या फ्रेंच गणित्यानें १८३७ सालीं, म्हणजे फ्रोबेलनें आपली संस्था काढली त्याच सालीं, सिद्ध केलें. डोळा जेथें ‘झालें’ म्हणाला तेथें बुद्धि ‘नाहीं’ म्हणाली, आणि बुद्धि खरी ठरली. पण गोष्ट येथें संपत नाहीं. पट्टी-कंपासास जें साधत नाहीं तें कागदाच्या घडीस साधतें. कारण, मार्गेरीता बेलोक या इटालियन विदुषीनें १९३६ सालीं दाखविल्याप्रमाणें, घडीनें घनसमीकरणेंही सोडवितां येतात. शिशुवर्गांतील खेळणें म्हणून ज्याची हेटाळणी झाली, तें युक्लिडच्या साधनांहून एक पाऊल पुढें गेलें! तेव्हां हाताचा विश्वास धरूं नका असें न म्हणतां, हातानें जें दाखविलें त्याची बुद्धीकडून झडती घ्या, असें म्हणावें. हातावांचून बुद्धि पांगळी आणि बुद्धीवांचून हात आंधळा.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्यास तर उत्तर देण्याचेंही कारण नाहीं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलीच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घेऊन त्रिकोण व चौकोन जोडण्याची युक्ति अरविंद गुप्ता यांनीं देशभर पसरविली. चौकोन बोटानें ढकलला कीं कलतो, त्रिकोण कलत नाहीं; पुलाच्या आणि छपराच्या कैच्यांत त्रिकोणच कां, हें मूल जन्मभर विसरत नाहीं. चिंचोके, काड्या, सुतळी, खडू आणि रद्दी एवढ्यांत प्राथमिक शाळेची सारी भूमिति होते. महाग असतो तो देखावा. शिक्षण महाग नसतें.

एक धोका मात्र आम्ही मुद्दाम सांगून ठेवितों. १९३७ सालीं वर्ध्यास हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना निघाली. ती पुढें मागें पडली, याचें एक कारण आमच्या मतें असें कीं, हाताचें शिक्षण गरिबांच्या मुलांस आणि पुस्तकाचें आपल्या मुलांस, अशी सोय सुशिक्षित वर्गानें मनांतल्या मनांत करून घेतली. आज त्याची उलटी बाजू दिसूं पाहते: श्रीमंत शाळांत कलेचे तास आणि गरीब शाळांत घोकंपट्टी. दोन्ही वांटण्या सारख्याच घातक आहेत.

तेव्हां शाळा चालविणाऱ्यांस आमचें मागणें थोडक्यांत असें आहे. प्रकल्प वर्गांतच व्हावा. घरीं नेऊं देऊं नये. प्रत्येक प्रकल्पाखालीं मुलानें आपल्या शब्दांत दोन गोष्टी लिहाव्या: मीं काय केलें, आणि तें असें कां झालें. गुण या दुसऱ्या गोष्टीस द्यावे. चकाकीस देऊं नयेत. फसलेला प्रकल्प, तो कां फसला हें सांगतां येत असेल तर, साधलेल्याच्या बरोबरीचा समजावा. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला-परीक्षांत संकल्पचित्राबरोबर कर्तव्य भूमितीचाही अंतर्भाव आहे; म्हणजे चित्रकलेचा शिक्षक भूमिति शिकवितच आला आहे. त्याचा आणि गणिताच्या शिक्षकाचा महिन्यांतून एक तास एकत्र कां होऊं नये? आणि अध्यापक-विद्यालयांत ज्यानें स्वतःच्या हातानें घडी घातली नाहीं, ठिपके टाकले नाहींत, दोरीनें वर्तुळ आंखलें नाहीं, त्यास भूमिति शिकविण्याची परवानगी देऊं नये. यांपैकीं एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाहीं कीं नवें अंदाजपत्रक लागत नाहीं.

पालकांस एकच विनंति. रात्रीं अकरा वाजतां मुलाचा तक्ता रंगवावयास बसूं नका. त्याऐवजीं सकाळीं दारांत रांगोळी काढणाऱ्या आजीशेजारीं त्याला, मुलगा असो वा मुलगी, बसवा, आणि ठिपके मोजावयास सांगा. शाळेनें आपलें काम केलें असेल तर तें मूल आजीस सांगेल कीं, हे एकसष्ट आहेत आणि ते एकसष्टच कां आहेत. ज्या घरांत हें संभाषण होईल त्या घरांत हाताची आणि डोक्याची शेंकडों वर्षांची फारकत त्या दिवशीं मिटली, असें आम्ही समजूं. सुधारणा म्हणजे केवळ सभा व ठराव नव्हेत; ती अशी अंगणापासूनही सुरू होते.